दारूगोळा असता तर… (जनरल आनाया आणि दोनदा मिळालेली उसनी खुर्ची)

मुक्काम_मेक्सिको (शुक्रवार, रात्री १०:१२)

नमस्कार मंडळी,

गेलं दीड वर्ष मेक्सिको सिटीत आहे, कंपनीची कृपा. राहतो शहराच्या दक्षिणेला, मेट्रोच्या निळ्या लाइन २ वर. रोज तास्केन्याची गाडी पकडतो, त्यात शेवटून दुसरं स्टेशन लागतं ‘हेनेराल आनाया’. इथल्या मेट्रोत प्रत्येक स्टेशनला नावासोबत एक चित्र असतं, वाचता न येणाऱ्याला सुद्धा कुठे उतरायचं ते कळावं म्हणून. या स्टेशनचं चित्र म्हणजे तोफ. वर्षभर त्या तोफेकडे बघत होतो आणि असेल कोणी तरी सेनापती म्हणून सोडून देत होतो.

मागच्या रविवारी काही काम नव्हतं म्हणून तिथे उतरलो. थोडं चालल्यावर चुरुबुस्कोचा जुना मठ लागतो, बाहेर खरीखुरी तोफ ठेवलेली. आत आता म्युझियम आहे आणि त्याचा विषय ऐका, ‘परकीय स्वाऱ्या’. म्हणजे देशावर कोण कोण चालून आलं, स्पेन, फ्रान्स, अमेरिका, परत फ्रान्स, परत अमेरिका, सगळं दालनादालनात मांडलंय. असं म्युझियम मी तरी दुसरीकडे पाहिलेलं नाही.

तिथे आनायाचं ते प्रसिद्ध वाक्य वाचायला फोन धरला, तर भाषांतराच्या अ‍ॅपने दिलं, “बाग असती तर तुम्ही इथे नसता.” मी एकटाच खो खो हसत उभा. तिथला म्हातारा रखवालदार आला, काय झालं म्हणाला, त्याला दाखवलं तर तोही हसला. मग त्याने सांगितलं की ‘पार्के’ म्हणजे बाग हे बरोबरच, पण इकडे दारूगोळ्यालाही पार्केच म्हणतात.

तर गोष्ट अशी. २० ऑगस्ट १८४७, अमेरिका-मेक्सिको युद्ध चालू. अमेरिकन फौज राजधानीच्या वेशीवर आलेली. या मठात जनरल मानुएल रिंकोन आणि जनरल पेद्रो मारीया आनाया तेराचौदाशे माणसं घेऊन बसलेले. साधारण तीन तास झुंज झाली, मग गोळ्या संपल्या. अमेरिकन जनरल ट्विग्ज आत आला आणि विचारलं, दारूगोळा कुठे आहे? आनाया म्हणाला, “दारूगोळा असता तर तुम्ही इथे नसता.”

घरी येऊन शोधलं तर कळलं की हा गृहस्थ त्याच वर्षी दोनदा देशाचा अंतरिम अध्यक्ष होता! एकदा एप्रिल-मे मध्ये, मग परत नोव्हेंबर ते जानेवारी. म्हणजे अध्यक्ष, मग सैनिक, मग कैदी, मग परत अध्यक्ष, आणि हे सगळं नऊ महिन्यांत. आणि लोकांच्या लक्षात काय, तर एक वाक्य आणि एक स्टेशन.

रखवालदार म्हणाला की दुसऱ्या वेळी अर्धा देश अमेरिकेला देण्याच्या कागदावर सही करायची वेळ आली तेव्हा त्याने खुर्ची सोडली, पण सही केली नाही. मला फार भारी वाटलं. इथे जाणकार बरेच आहेत म्हणून विचारतो, हे कितपत खरं? आणि तो ते वाक्य तरी खरंच बोलला असेल का?

---

रिकामटेकडा

“बाग असती तर तुम्ही इथे नसता” हे आमच्या बिल्डरच्या ऑफिसात फ्रेम करून लावणार आहे. ब्रोशरमध्ये होती, बाग.

बाकी पॉपकॉर्न घेऊन बसलोय.

---

वाड्यावरचा

वा! हे म्हणजे आपल्या दत्ताजी शिंद्यांचं ‘बचेंगे तो और भी लडेंगे’ झालं की. बुराडी घाटावर कुतुबशहाने विचारलं आणि त्यांनी जे उत्तर दिलं तेच हे. शत्रू समोर उभा, हातात काही उरलेलं नाही, आणि तोंड मात्र शाबूत. अशा माणसाचं नाव स्टेशनला दिलं यात नवल काय.

---

तोफखाना (शनिवार, सकाळी ७:४०)

मेक्सिकोच्या लष्करी इतिहासाचं थोडंफार वेड आहे, म्हणून लिहितो. लांबेल.

आधी वाक्याचं. त्याची दोनतीन रूपं फिरतात. कुठे ‘दारूगोळा असता तर’, कुठे ‘आमच्याकडे असता तर’, कुठे ट्विग्ज एकटा ‘तुम्ही’, कुठे सगळी फौज ‘तुम्ही’. अशी वाक्यं तोंडातोंडी घासूनपुसून गुळगुळीत होतात. शब्दन् शब्द तोच असेल यावर मी पैज लावणार नाही. पण दारूगोळा संपला होता आणि त्या मठाने अमेरिकनांना चांगलंच महाग पडून दाखवलं होतं, हे खोटं नाही. त्या एका दिवसात, सकाळी पादिएर्ना आणि दुपारी चुरुबुस्को धरून, अमेरिकेची मेलेली-जखमी मिळून हजारएक माणसं झाली. दारूगोळ्याचं सुद्धा नुसतं ‘संपला’ इतकं साधं नाही. मेक्सिकन लोक सांगतात की सांता आन्नाने (तेव्हाचा अध्यक्ष आणि सेनापती) गाडाभर काडतुसं पाठवली होती, पण ती भलत्याच मापाची निघाली, बहुतेकांच्या बंदुकीत बसेनात.

दुसरं, मठावरचा मुख्य अधिकारी रिंकोन होता, आनाया त्याच्या हाताखाली. रिंकोनला कोणी विचारत नाही कारण त्याच्या नावावर वाक्य नाही.

आनायाने त्या दिवशी केलेली जी गोष्ट मला वाक्यापेक्षा मोठी वाटते ती ही. अमेरिकन रांग जवळ आली तेव्हा तो स्वतः तोफेपाशी गेला, नेम धरून छर्र्यांचा मारा करवला. तेवढ्यात ठिणगी उडून शेजारची दारू पेटली. दोनतीन गोलंदाज भाजले, आनायाही भाजला, डोळ्यांना काही दिसेना. लक्षात घ्या, हा माणूस तीन महिन्यांपूर्वी देशाचा अध्यक्ष होता! माजी अध्यक्ष तोफेला बत्ती देताना भाजतो, असा प्रसंग इतिहासात किती वेळा आला असेल?

वाड्यावरचा, दत्ताजींची तुलना मनाला भिडते पण पूर्ण बसत नाही. दत्ताजी तिथेच मारले गेले. आनाया जगला, आणि खरी गोची तिथून पुढे आहे. केरेतारोबद्दल (राजधानी पडल्यावर सरकार जिथे गेलं ते शहर) रात्री लिहितो, आता बाजारात जायचंय.

---

मी_अनु

तोफखाना, भाजी घेऊन लवकर या.

---

गुळाचा_गणपती

हा सांता आन्ना म्हणजे तोच ना, स्वतःच्या पायाची अंत्ययात्रा काढणारा?

---

तोफखाना

तोच. (बाजारातून मोबाईलवर.) १८३८ साली फ्रेंचांशी लढताना पाय गेला, त्या लढाईचं नाव ‘केकवाल्याची लढाई’, कारण एका फ्रेंच केकवाल्याच्या दुकानाच्या नुकसानभरपाईवरून पेटलेली. १८४२ मध्ये तो पाय उकरून आणून राजधानीत सरकारी इतमामाने पुरला. पुढे लोक उठले तेव्हा त्यांनी तोच पाय उकरून रस्त्यांतून फरफटवला. आणि एप्रिल १८४७ मध्ये सेर्रो गोर्दोला घाईत पळताना त्याचा लाकडी पाय अमेरिकनांच्या हाती लागला, तो अजून इलिनॉय राज्याच्या लष्करी म्युझियममध्ये आहे.

---

रिकामटेकडा

एका पायावर किती लढाया.

---

गुळाचा_गणपती

हसून हसून पुरेवाट. पण मग आनायाला अध्यक्ष कोणी केलं आणि का? हा सांता आन्ना होता ना अध्यक्ष?

---

शिलालेख

मी सांगतो, तोफखान्यांना भाजी निवडू दे.

सांता आन्नाला खुर्ची लागायची पण खुर्चीत बसायला नको असायचं. तो लढायला जायचा आणि मागे कोणाला तरी बसवून जायचा. आधी उपाध्यक्ष गोमेस फारियास होता. त्याने जानेवारी १८४७ मध्ये कायदा काढला, चर्चच्या मालमत्तेवर दीड कोटी पेसो उभे करायचे, युद्धाला पैसा हवा म्हणून. मग काय विचारता. फेब्रुवारीअखेर राजधानीतल्या श्रीमंत घरांतल्या पोरांच्या पलटणींनी बंड केलं. नऊ मार्चला अमेरिकन वेराक्रूसच्या किनाऱ्यावर उतरतायत आणि हे राजधानीत आपसांत गोळ्या झाडतायत! या पोरांना लोक ‘पोल्को’ म्हणत. कोणी म्हणे पोल्का नाचतात म्हणून, कोणी म्हणे अमेरिकेचा अध्यक्ष पोल्क याला मदत होते म्हणून.

सांता आन्ना परत आला, कायदा रद्द केला, उपाध्यक्षाला थेट काढता येईना म्हणून काँग्रेसने (म्हणजे तिकडच्या संसदेने) उपाध्यक्षपदच रद्द केलं (अशी आयडिया आपल्याकडच्या सोसायटीच्या सेक्रेटरीला पण सुचणार नाही) आणि २ एप्रिलला आनाया हंगामी अध्यक्ष झाला. मवाळ, कोणाच्या फार डोळ्यात न खुपणारा, सैन्यातला, म्हणून. वेराक्रूस तोवर गेलं होतं. १८ एप्रिलला सेर्रो गोर्दोचा फज्जा, मे मध्ये पुएब्ला गेलं, आणि २० मेला सांता आन्नाने खुर्ची परत घेतली. सात आठवडे.

आता गंमत बघा. चुरुबुस्कोच्या मठात २० ऑगस्टला जे लढले त्यांत ‘इंदिपेंदेन्सिया’ आणि ‘ब्राव्होस’ या पलटणी होत्या. म्हणजे तेच पोल्को! फेब्रुवारीत ज्यांनी बंड करून वेराक्रूसला लढायला जायला नकार दिला तेच ऑगस्टमध्ये मठाच्या भिंतीवर मेले. ब्राव्होसचा प्रमुख तर नाटककार होता, मानुएल एदुआर्दो दे गोरोस्तिसा, वय ५७, आयुष्यभर विनोदी नाटकं लिहिली, लंडनला राजदूत म्हणून राहून आलेला.

---

मी_अनु

विनोदी नाटककार पलटण घेऊन लढला?? आपल्याकडे नाटकवाले तालमीच्या हॉलसाठी सुद्धा लढत नाहीत.

---

शिलालेख

अनुताई, हॉलसाठीच लढतात, फक्त एकमेकांशी.

---

मीनल_ऑस्टिन (शनिवार, रात्री)

मी टेक्ससमधून. इकडे पोरांना चौथीत टेक्ससचा इतिहास असतो, अलामोची (१८३६ मध्ये सांता आन्नाच्या फौजेने टेक्ससवाल्यांना जिथे मारलं ती गढी) सहल ठरलेली. माझी लेक सहलीहून आली ती ‘सांता आन्ना दुष्ट’ एवढं घेऊन आली. तिला विचारलं की मग पुढे काय झालं, तर पुढचं युद्ध पुस्तकात चार ओळीत. मेक्सिको म्हणजे नकाशावरचा एक बाण, आणि तो बाण आपल्याकडून त्यांच्याकडे.

पण धागा वाचून ट्विग्ज कोण ते शोधलं आणि खुर्चीतून उडाले. मंडळी, हा ट्विग्ज पुढे काय करतो माहितीये? १८६१ साली तो टेक्ससमधल्या सगळ्या अमेरिकन लष्कराचा प्रमुख होता, मुक्काम सान अँटोनिओ, म्हणजे अलामोच्याच गावात. फुटीर राज्यांचे लोक दारात आले आणि त्याने सगळे किल्ले, सगळ्या बंदुका, सगळा दारूगोळा एकही गोळी न झाडता देऊन टाकला. अमेरिकन सरकारने विश्वासघात म्हणून सेवेतून काढलं.

म्हणजे ज्याने आनायाला विचारलं ‘दारूगोळा कुठे आहे’, त्याच्याकडे जेव्हा ढिगाने होता तेव्हा तो इथे नव्हता असंच म्हणायचं.

---

वाड्यावरचा

ताई, हा प्रतिसाद धाग्याच्या वर टाकायला हवा. कडक.

---

तोफखाना

मीनलताई, हे माझ्या डोक्यात कधी जोडलंच गेलं नव्हतं. मानलं.

---

गालबोट

जरा वेगळं बोलतो, शिव्या पडतील. हा सगळा हारलेल्यांचा कौतुकसोहळा वाटत नाही का? देश हरला, राजधानी गेली, निम्म्याहून जास्त जमीन गेली, आणि साहेबांनी एक टोमणा मारला म्हणून स्टेशन. आपणही तेच करतो. हरलेल्या लढाईतलं एक वाक्य उचलायचं आणि दोनशे वर्षं पुरवून खायचं. आनाया आधी दहा वर्षं स्पेनच्या राजाकडून स्वातंत्र्यवाल्यांच्या विरोधात लढला होता हे कोणी लिहिलं नाही. १८२१ मध्ये वारा फिरल्यावर उडी मारली.

---

शिलालेख

गालबोट, उडीचं खरं आहे. पण मग सगळेच उडीवाले. सांता आन्ना तिकडूनच आला, देशाचा पहिला सम्राट झालेला इतुर्बिदे तिकडूनच आला. १८१० च्या सुमाराला लष्करात भरती होणाऱ्या पोराला दुसरं लष्कर कुठे होतं? आनाया आजच्या इदाल्गो राज्यातल्या उइचापानचा, खेड्यातला. पुढे जनरल फिलिसोलाबरोबर ग्वातेमालाच्या मोहिमेवर जाऊन आला, १८३३ मध्ये जनरल झाला, १८४५ मध्ये युद्धमंत्री. पायरी पायरीने चढलेला माणूस. त्याने स्वतः कधी बंड करून खुर्ची घेतली नाही, आणि त्या काळच्या मेक्सिकन जनरलबद्दल एवढं म्हणता येणं हीच मोठी गोष्ट आहे.

---

हिरवी_वेलची

मठात आयरिश लोक पण होते ना? सेंट पॅट्रिक पलटण? त्याबद्दल लिहा कोणी तरी.

---

तोफखाना

होते. सान पात्रिसिओ पलटण. अमेरिकन सैन्यातून फुटून आलेले, बरेचसे आयरिश आणि जर्मन, कॅथलिक. अमेरिकन अधिकारी यांना तुच्छ वागवायचे, समोर कॅथलिक देश, मग कित्येकजण नदी ओलांडून गेले. त्यांचा म्होरक्या जॉन रायली. चुरुबुस्कोच्या तोफा यांच्याच हातात. वर जी भलत्या मापाची काडतुसं सांगितली ती म्हणे फक्त यांच्याच बंदुकांत बसली. मेक्सिकन शिपायांनी पांढरं निशाण वर करायचं आणि आयरिशांनी ते खाली ओढायचं असं दोनतीनदा झालं म्हणतात, कारण मेक्सिकन पकडला गेला तर कैदी, आयरिश पकडला गेला तर दोर.

आणि तसंच झालं. सप्टेंबरमध्ये पन्नास जणांना फाशी. त्यातल्या तिसांना मिस्कोआकला गाड्यांवर गळ्यात फास अडकवून उभं केलं आणि समोर चापुल्तेपेकच्या किल्ल्यावर अमेरिकन झेंडा चढेपर्यंत तासन् तास थांबवलं. १३ सप्टेंबर. झेंडा वर गेला, गाड्या पुढे ओढल्या. त्यांतल्या एकाचे दोन्ही पाय आधीच गेलेले होते, त्यालाही आणून उभा, म्हणजे बसवला. रायली युद्ध जाहीर व्हायच्या आधीच फुटला होता म्हणून फाशीतून सुटला, फटके बसले आणि तोंडावर तापल्या लोखंडाने डाग.

---

हिरवी_वेलची

विचारलं नसतं तर बरं झालं असतं.

---

मुक्काम_मेक्सिको

सान आंखेलमध्ये चौकात त्यांच्या नावांची पाटी आहे, मी पाहिलीये. शनिवारी तिथे चित्रांचा बाजार भरतो. माणसं त्या पाटीला टेकून आइस्क्रीम खात असतात.

---

संत्रानगरी

अवांतर आहे पण मेक्सिकोचा धागा आणि आमच्या विदर्भाच्या माणसाचं नाव नाही असं कसं चालेल? वर्ध्याचे डॉ. पांडुरंग खानखोजे! गदरवाले क्रांतिकारक, इंग्रज मागे लागलेले, १९२४ मध्ये मेक्सिकोला पोचले आणि चापिंगोच्या शेतकी शाळेत शिकवायला लागले. मका, गहू यांच्यावर काम केलं. दिएगो रिव्हेराने भित्तिचित्रात त्यांना रंगवलंय. मुक्काम भाऊ, ते बघून या आधी.

---

रिकामटेकडा

खानखोज्यांच्या नावाने स्टेशन आहे का? चित्र काय असेल, कणीस?

---

संत्रानगरी

हसा. चापिंगोला पुतळा आहे त्यांचा.

---

गुळाचा_गणपती

अवांतरात अवांतर: याच युद्धाला विरोध म्हणून अमेरिकेत थोरो नावाच्या गृहस्थाने कर भरला नाही आणि एक रात्र तुरुंगात काढली, १८४६ मध्ये. त्यावर त्याने निबंध लिहिला, तो पुढे गांधीजींनी आफ्रिकेत वाचला. आनाया आणि मिठाचा सत्याग्रह एकाच दोरीला बांधता येतात बघा, जरा ओढाताण केली तर.

---

संपादक

ओढाताण नको. धागा भरकटून त्याचं काश्मीर व्हायच्या आत मूळ प्रश्नावर या. खानखोज्यांवर वेगळा धागा काढा, आम्हालाही आवडेल.

---

तोफखाना (रविवार, रात्री ११:०५)

आलो. केरेतारो.

१४ सप्टेंबरला राजधानी पडली. सांता आन्नाने राजीनामा दिला आणि तो निघून गेला. घटनेप्रमाणे सुप्रीम कोर्टाचे अध्यक्ष मानुएल दे ला पेन्या इ पेन्या यांच्याकडे कारभार आला. हे वकिली पेशाचे, वयस्कर गृहस्थ. राजधानी शत्रूच्या ताब्यात, म्हणून सरकार केरेतारोला. तिथे काँग्रेसचे सभासद गोळा करता करता नाकी नऊ आले. तिजोरीत पैसा नाही, सैन्य म्हणावं असं सैन्य नाही, काही राज्यं म्हणतायत लढा, काही म्हणतायत मिटवा, आणि एक गट तर असा की अमेरिकेने राहूनच जावं म्हणजे निदान नीट कारभार होईल.

अशा खुर्चीसाठी नोव्हेंबरमध्ये काँग्रेसने आनायाला निवडलं. अंगावरचे भाजल्याचे वळ गेले तरी असतील का कोण जाणे. एप्रिलमध्ये खुर्चीवर बसायला निदान राजवाडा होता.

आता रखवालदारकाकांचं म्हणणं. ‘सही करायला नको म्हणून खुर्ची सोडली’ ही कथा मेक्सिकोत सगळीकडे सांगतात, आनायाने जमीन द्यायला तोंडी नकार दिला होता असंही सांगतात. पण तारखा बघा.

नोव्हेंबरच्या मध्याला तहाची बोलणी करायला आलेला अमेरिकन दूत निकोलस ट्रिस्ट याला पोल्कचं पत्र आलं, परत ये. त्याच महिन्यात, २२ नोव्हेंबरला, आनायाच्या सरकारने तहाची बोलणी करायला माणसं नेमली, कोउतो, आत्रिस्ताइन, क्वेव्हास, आणि चौथा कोण, तर चुरुबुस्कोचा तोच रिंकोन! रिंकोनने नाही म्हटलं. परराष्ट्रमंत्री होते पेन्या इ पेन्याच. म्हणजे तहाचं दार आनायाच्या राज्यात उघडलं गेलं. आणि हे लक्षात ठेवा की एप्रिलमध्ये आनाया खुर्चीवर असतानाच काँग्रेसने कायदा केला होता, की अमेरिकेशी तहाची बोलणी करेल तो देशद्रोही.

८ जानेवारी १८४८ ला त्याची मुदत संपली. नवीन काँग्रेसचा कोरम भरेना, निवडणूक होईना, म्हणून खुर्ची परत सुप्रीम कोर्टाकडे, पेन्या इ पेन्यांकडे. २ फेब्रुवारीला तह झाला. आणि या सही करणाऱ्या सरकारात युद्धमंत्री कोण? आनाया.

म्हणून मी त्याला ‘सही न करणारा’ म्हणत नाही. ज्याने मठात शेवटच्या गोळीपर्यंत लढून पाहिलं होतं त्यालाच कळलं होतं की आता गोळीच नाहीये. ते वाक्य त्याने ट्विग्जला ऐकवलं, पण तीन महिन्यांनी तेच वाक्य उलटं करून त्याला स्वतःच्या काँग्रेसला ऐकवावं लागलं असणार, दारूगोळा असता तर आपण इथे केरेतारोत नसतो. हे माझं म्हणणं, कागदावर कुठे नाही.

---

गालबोट

हे पटलं. हे आधी सांगितलं असतं तर मी वरचं लिहिलंच नसतं.

---

वाड्यावरचा

मला नाही पटलं. लोकांनी जी कथा धरली ती उगाच नाही धरली. सही पेन्याची आहे, आनायाची नाही, हे तर खरं ना? मग लोक चुकले कुठे?

---

शिलालेख

वाड्यावरचा, चुकले इथे की पेन्या इ पेन्या खलनायक झाला. त्या म्हाताऱ्याने कोणी घेत नव्हतं ते ओझं दोनदा घेतलं आणि सहीचा काळा ठिपका एकट्याच्या कपाळी आला. आनाया सुटला तो आठ जानेवारीमुळे. पंचवीस दिवसांचा फरक.

---

मीनल_ऑस्टिन

आणि ट्रिस्ट? त्याला परत बोलावलं तरी तो थांबला, वरिष्ठांना ६५ पानांचं पत्र लिहून. तह केला, दीड कोटी डॉलर ठरले. घरी गेल्यावर पोल्कने पगारही अडवला, तो मिळाला १८७१ मध्ये. आपण म्हणतो सरकारी बिल लवकर पास होत नाही!

अजून एक, कॅलिफोर्नियात सोनं सापडलं २४ जानेवारी १८४८ ला. तह २ फेब्रुवारीला. मध्ये नऊ दिवस. केरेतारोत कोणालाच माहीत नव्हतं.

---

मी_अनु

नऊ दिवस… पोटात कालवलं. दीड कोटीत कॅलिफोर्निया. १८४८ म्हणजे इकडे सातारा खालसा झाल्याचं वर्ष पण, तिथे तर एक पैसा पण दिला नाही.

---

हिरवी_वेलची

आनायाचं पुढे काय झालं? परत राजकारणात?

---

तोफखाना

आरिस्ता अध्यक्ष असताना परत युद्धमंत्री झाला. मग १८५३ मध्ये सांता आन्ना परत आला (हो, परत), स्वतःला ‘सर्वशांत महाराज’ छापाची पदवी घेतली आणि त्या डिसेंबरात उत्तरेची अजून एक पट्टी अमेरिकेला विकली, एक कोटी डॉलरला. आनाया तेव्हा पोस्टखात्याचा प्रमुख होता. २१ मार्च १८५४ ला न्यूमोनियाने गेला, साठीच्या आत.

---

रिकामटेकडा

पोस्टमास्तर जनरल. हा एकच जनरल खरा पोस्टिंगवर मेला.

माफ करा, राहवलं नाही.

---

मुक्काम_मेक्सिको (पुढचा रविवार, संध्याकाळ)

मंडळी, आज परत गेलो होतो. तोफखान्यांचं लिहिलेलं सगळं मोडक्यातोडक्या स्पॅनिशमध्ये रखवालदारकाकांना सांगितलं, २२ नोव्हेंबर, रिंकोन, युद्धमंत्री, सगळं. मला वाटलं चिडतील. ते शांतपणे ऐकून घेत होते, मग म्हणाले माझी आजी याच गल्लीतली, तिने मला सांगितलं तसं मी सांगतो, तुम्ही तुमच्या लोकांना तुमचं सांगा. मग माझा हात धरून मागच्या अंगणात नेलं आणि भिंतीतला एक खळगा दाखवला, अंगठा जाईल एवढा. यात बोट घाला म्हणाले. घातलं. आत थंड होतं आणि कोणीतरी च्युइंगम चिकटवून ठेवलं होतं. काकांनी तिथल्या तिथे एक अस्सल मेक्सिकन शिवी हासडली आणि खिशातून चावी काढून ते खरवडायला लागले.

---

मीनल_ऑस्टिन

मार्चमध्ये सुट्टीला येतोय आम्ही, लेकीला तिथे नक्की नेणार. स्टेशनवरून चालत किती?

---

मुक्काम_मेक्सिको

दहा मिनिटं. पूल ओलांडून सरळ, रस्त्याचं नावच ‘२० ऑगस्ट’ आहे. सोमवारी येऊ नका, बंद असतं. आणि बाग शोधू नका, आहे ती तोफेच्या समोरच आहे.

---

रिकामटेकडा

म्हणजे बाग पण आहे??

---

मुक्काम_मेक्सिको

आहे. छोटी आहे.